न वाजलेला फोटो

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटायला मी सांगणार नाही, नाहीतर पुढचं वाचणार कसं? तर अंगणात एक बाज आहे आणि बाजेवर दोन कॅमेरे ठेवले आहेत. एक छोटा, तळहातावर मावेल असा. त्याच्या डोक्यावर एक चाक आणि चाकावर हिरव्या अक्षरांत ‘ऑटो’. दुसरा थोराड, काळाभोर, अंगभर बटणं आणि पुढे तांब्याएवढं भिंग. दोन्ही मिररलेस, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात जो आरसा खाली-वर उडायचा, तो या दोघांनाही नाही. आता सांगा, घरातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो काढायचा आहे. तुम्ही कुठला उचलाल?

म्हसवडच्या अलीकडच्या एका गावात क्रांतीच्या घरी त्या सकाळी हाच प्रश्न पडला होता. क्रांती सातवीत. तिचा मोठा भाऊ शिवतेज फौजेत भरती झाला होता आणि दुपारच्या आत ट्रेनिंगसाठी बेळगावला निघणार होता. आई, आत्या, शेजारीपाजारी, सगळ्यांबरोबर त्याचे फोटो झाले होते. राहिला होता एकच. वडील दादासो आणि चुलते भाऊसो यांच्यामध्ये उभं राहून काढलेला फोटो त्याला बरोबर न्यायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? अवघड असं की बांधावरच्या एका बोरीवरून या दोघा भावांचं बोलणं बंद होतं. घरं शेजारी, विहीर एक, पण शब्द नाही. काही सांगायचं झालंच तर मधे क्रांतीला उभं करायचे. सगळ्यात थोरले चुलते नानासो यांनी महिनाभर दोघांची मनधरणी केली, तेव्हा कुठे ते कबूल झाले. अट मात्र घातली, “एकच फोटो. दुसऱ्यांदा हुबं राहायचं न्हाई.”

फोटो काढायला सांगलीहून आसिफ आला होता. तो शिवतेजचा कॉलेजातला मित्र. विश्रामबागेत त्याचा फोटो स्टुडिओ. थोराड कॅमेरा त्याचा. छोटाही पूर्वी त्याचाच होता, पण नवा घेतल्यावर तो त्याने क्रांतीला शिकायला दिला होता.

नानासोंनी दोन हातांत दोन कॅमेरे घेऊन जोखून पाहिले.

“ह्यो तर अंड्यागत हलका हाय. ह्याच्यात आमी एवढी माणसं मावणार कुठं?”

“नाना, मावत्यात सगळी,” आसिफ हसून म्हणाला. “छोटा नवशिक्याला बरा. ऑटोवर ठिवला की उजेड, अंतर, समदं आपलं आपण बघतो. लय चुकू देत न्हाई. पर त्याची धाव तेवढीच. मोठा कसा, सांगाल ते करतो. अंधारात काढतो, पळत्याला धरतो. डोळा कुठं हाय ते हुडकतो आन् त्याच्यावरनं नजर हलवत न्हाई.”

“कुणाचा डोळा?”

“माणसाचा सांगितला तर माणसाचा. जनावराचा सांगितला तर जनावराचा.”

हे ऐकून नानासो उठलेच. त्यांनी आयुष्यात पारख केल्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बैल घेताना ते त्याला चालवून बघायचे, तोंड उघडून दात बघायचे, शेपटी पिरगाळून बघायचे. “ह्येला दात न्हाईत, शेपूट न्हाई,” ते म्हणाले. “मग पारखायचं कसं? चला, सर्जावरच बघू!”

सर्जा हा त्यांचा खिलार बैल. गोठ्याच्या दारात रवंथ करत उभा होता. आधी क्रांतीने छोट्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला. चांगला आला. बैल, गोठा, मागची बाभळ, सगळं जिथल्या तिथे. मग आसिफने मोठ्या कॅमेऱ्याला ‘जनावराचा डोळा धर’ असं बटणं दाबून सांगितलं आणि फोटो काढून दाखवला. नानासो बघतच राहिले. सर्जाच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा! आणि बुबुळात कोण? फेटा बांधलेले खुद्द नानासो!

“ह्योच!” नानासो गरजले. “बैलाच्या डोळ्यात मी दिसतुया. आन् क्रांते, तू तुजं खेळणं घिऊन बाजूला हुबी ऱ्हा. मधीमधी करू नगंस.”

क्रांतीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात आतून चहा आला, पोहे आले. या गडबडीत आसिफचं एक काम करायचं राहिलं. कुठलं, ते तुम्ही ओळखलं असेल तर आत्ताच कुणाला सांगू नका.

फोटोची मांडणी नानासोंनी ठरवली. पुढे खुर्चीवर ते स्वतः आणि मागे शिवतेजच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ. लांब मागे, गोठ्याच्या दारात सर्जा, कारण त्याच्याशिवाय घरचा फोटो पुरा होत नाही. दादासो उंच, भाऊसो बुटके. आपण दादासोंपेक्षा थोरले असून ठेंगणं दिसायचं हे भाऊसोंना पटेना. त्यांनी दोन विटा मागवल्या, एकीवर एक ठेवल्या आणि वर चढले.

तेवढ्यात शिवतेजला चप्पल नको, नवे बूट घालू असं वाटलं आणि तो बूट घ्यायला वळला. दोघा भावांच्या मध्ये मोकळी जागा राहिली. दोघेही दोन दिशांना बघत उभे.

“क्रांते,” दादासो म्हणाले, “त्यास्नी म्हणावं, इटा डुगडुगत्यात.”

“क्रांते,” भाऊसो म्हणाले, “त्यास्नी म्हणावं, आपल्या पायाखालचं बघा.”

क्रांती दोघांपासून हातभर अंतरावर होती. तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

शिवतेज बूट घालून आला, मधे उभा राहिला. क्रांती आसिफच्या मागे जाऊन बाजूला थांबली. नानासोंनी हुकूम सोडला, “आता कुणी हलायचं न्हाई. श्वास बी घ्यायचा न्हाई. आसिफ, काढ!”

आसिफने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “झालं!” तो म्हणाला.

कुणी हललं नाही. नानासोंचे गाल फुगलेले. शेवटी त्यांनीच श्वास सोडला. “काय झालं? वाजला कुठं?”

“नाना, ह्यो आवाज न करता काढतो. लय भारी सोय हाय ती.”

“आरं, खट्ट वाजल्याबिगर फोटो निघतो व्हय? आमाला काय येडं समजतोस?”

“फसवाफसवी चालायची न्हाई,” भाऊसो विटांवरून म्हणाले. “एकच म्हणजे वाजून एकच!”

“आवं, निघालाय खरंच,” आसिफ म्हणाला. पण तिघेही ऐकेनात. या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही भावांचं पक्कं एकमत होतं. आसिफ बिचारा आवाज कुठून सुरू करायचा ते शोधायला लागला. मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात सूचनांची पानंच्या पानं असतात. एक उघडलं की आत दुसरं. आसिफची मान खाली, ऊन डोक्यावर. शिवतेज नव्या बुटांत पाय चोळत म्हणाला, “नाना, जरा बसतो. बूट चावतोय.” आणि तो खाली बसला.

इतक्यात वरची वीट कलली. भाऊसो हात हलवत मागे झुकले आणि दादासोंनी झडप घालून त्यांचा दंड धरला.

“आरं पडशील की मड्या!”

“पडू दे की! तुला काय त्याचं?”

“मला काय? फोटोत तुज्या जागी नुसत्या इटा दिसत्याल!”

भाऊसोंनी एकदा विटांकडे पाहिलं, एकदा भावाकडे. त्यांना हसू फुटलं. ते बघून दादासोही पोट धरून हसायला लागले. आणि त्याच क्षणी आवाज आला, खट्ट!

“वाजला!” नानासो ओरडले. “झालं. सुटा!”

दोघांना एकदम आठवण झाली की आपलं बोलणं बंद आहे. दादासोंनी दंड सोडला. भाऊसो विटांवरून उतरले, सदरा झटकला, चेहरा पूर्वीसारखा केला. एक मळ्याच्या वाटेने गेला, दुसरा बैठकीत. आसिफला वाटलं, लागला वाटतं आवाज एकदाचा.

“बघू तरी,” म्हणत शिवतेज त्याच्या खांद्यावरून वाकला. आसिफने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. लांब मागचा सर्जा लख्ख! पापण्या, शिंगं, नाकावरची माशीसुद्धा. आणि पुढची चार माणसं? चुलीवर दूध उतू जाताना वाफ दिसते ना, तशी. काढलेले दोन्ही फोटो तसलेच.

“या अल्ला,” आसिफ कपाळाला हात लावून म्हणाला. “जनावराचा डोळा धर म्हणून सांगितलं हुतं, ते बदलायचं ऱ्हायलं. त्यानं इमानदारीत बैलच धरला.”

“बैल बाकी झ्याक आलाय,” नानासो हळूच म्हणाले.

शिवतेज तिथून बाजूला झाला. बाजेवर बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला. एवढा दांडगा गडी, पण त्याचा उतरलेला चेहरा क्रांतीला दिसत होता. भाऊकाका पुन्हा उभे राहणार नाहीत, पप्पा तर नाहीच नाही. आणि दादा परत येणार तो ट्रेनिंग संपल्यावर.

नानासोंना मात्र काहीतरी खटकलं. “पर काय रं आसिफ, तुजा आवाज लागलाच न्हवता, तर मग वाजलं काय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. क्रांतीने हात पाठीमागे नेले.

“क्रांते?”

“मी मधीमधी नाय केलं नाना,” ती घाईघाईने म्हणाली. “बाजूलाच हुते. नुसतं बटण दाबलं.”

तिने छोटा कॅमेरा पुढे केला. फोटो थोडा तिरपा होता. कोपऱ्यात आसिफचं कोपर आलं होतं आणि नानासोंचे डोळे मिटलेले होते. पण खाली बसलेला शिवतेज मान वर करून हसत होता, आणि त्याच्या डोक्याच्या वर, एकाचा दंड दुसऱ्याच्या हातात, दोघे भाऊ. सगळं स्वच्छ, विटांसकट.

शिवतेजने इतका मोठा सुस्कारा सोडला की गोठ्यातल्या सर्जाने कान टवकारले. आसिफ तर खालीच बसला. “वाचलो गड्या!”

“आरं पर ह्येच्यात माजं डोळं मिटल्यालं हाईत,” नानासो कुरकुरले.

“नाना, तुमी रोज दिसता,” शिवतेज म्हणाला. “ही दोघं अशी कवा दिसायची?” त्याने फोटो मोबाईलवर घेतला, निघताना दादासोंना आणि भाऊसोंना वेगवेगळं गाठून दाखवला, क्रांतीच्या डोक्यावर टपली मारली आणि आसिफच्या गाडीत बसून तो गेला.

गाडीचा धुरळा खाली बसतो न बसतो, तोच विहिरीपाशी भाऊसो क्रांतीला गाठून म्हणाले, “पोरी, त्यो फोटो मला बी मोबाईलवर धाड. पर तुज्या बाला कळू दिऊ नगंस.” ती घरात आली, तर दादासो इकडेतिकडे बघत कुजबुजले, “क्रांते, त्यो फोटो मला टाक बरं. पर तुज्या काकाला बोलायचं न्हाई हां!”

“टाकते की,” क्रांती दोघांनाही म्हणाली.

मग तिने आईचा मोबाईल घेतला आणि एक नवा ग्रुप काढला. त्यात पप्पांना घेतलं, भाऊकाकांना घेतलं. फोटो टाकला, दोघांनाही अ‍ॅडमिन केलं आणि स्वतः गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडली.