डिले चार, रेट दहा

आमच्या वजनमापे कार्यालयात पंधरा वर्षं सेवा झालेल्या कीबोर्डाला दर जूनमध्ये टेबल बदलून मागता येतं, आणि यंदा माझ्या कीबोर्डाने बोंद्रेबाईंचं टेबल मागितलं. अर्ज त्याने रीतसर केला. सकाळी मी संगणक सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर विहित नमुना भरून तयार होता आणि प्रिंटर तिसरी प्रत बाहेर काढत होता.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. मला सरळ मत्सर वाटला, आणि तो बोंद्रेबाईंचा वाटला. त्यांना आमच्याकडे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी त्या कीबोर्डावर एकोणीस वर्षं तालुक्यातल्या एकूण एक वजनकाट्याचा दाखला टाइप केलेला.

आमचे संगणक जुने आहेत. माउस नाही, चित्रं नाहीत. जे हवं ते ओळ टाइप करून सांगावं लागतं. कीबोर्डाला दोनच गोष्टी सांगायच्या असतात. बटण दाबून धरलं तर तेच अक्षर पुन्हा उमटवण्याआधी किती थांबायचं, तो डिले, एक ते चार. मग किती वेगाने उमटवत सुटायचं, तो रेट. माझा हात जड आहे, एकदा पडलेलं बोट लवकर उठत नाही. घाईचा कीबोर्ड मिळता तर माझं खरवडकर हे आडनाव पाच-पाच र घेऊन दप्तरी लागलं असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ‘डिले चार, रेट दहा’ ही ओळ संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये लिहून टाकली. नंतर एकदाही सांगावं लागलं नाही, आणि याचा मला अभिमान होता.

सुनावणी कार्यालयप्रमुख आवटी साहेबांपुढे झाली. कीबोर्ड टेबलावर होता, वायर गुंडाळलेली.

“रकाना सहा, बदलीचं कारण,” साहेबांनी चष्मा लावून वाचलं. “‘विचारत नाहीत.’ खरवडकर, काय विचारत नाही तुम्ही?”

“डिले असेल, साहेब. पण तो फाइलमध्ये लिहिलेला आहे.”

“शेवटचं कधी विचारलंत?”

“फाइलमध्ये आहे, साहेब.”

“फाइलची साक्ष नंतर काढू. तुम्ही सांगा.”

एकोणीस वर्षांपूर्वी तरी विचारलं होतं का, तेही आठवेना. बदली मंजूर झाली आणि मला भांडारातून नवा कीबोर्ड मिळाला. त्याची एवढ्यात काही तक्रार नाही. तो अजून काही बोलतच नाही.

बोंद्रेबाईंच्या संगणकात तसली ओळ नव्हती. त्या रोज सकाळी डबा खणात ठेवायच्या, पदराने बटणं पुसायच्या आणि टाइप करायच्या, “आज किती ठेवू?” पडद्यावर आकडा यायचा. सोमवारी दोन. बाजाराच्या दिवशी दाखल्यांची रीघ लागते, तेव्हा एक. बाई तेवढा ठेवायच्या. मला हे सगळं दिसायचं, कारण मधलं कपाट मी भिंतीकडे सरकवून घेतलं होतं.

पण खरा जळफळाट झाला तो ‘ट’मुळे. माझ्याकडे ट सात वर्षं अडत होता. वजनमापे कार्यालयात ‘ट’वाचून पान हलत नाही, म्हणून मी तो कोपराने दाबायचो.

“बाई, ट येतो का हो?” मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“येतो की. पहिल्या दिवसापासून.”

त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला. संध्याकाळी अपील दाखल केलं. नियमाप्रमाणे अपिलात जुन्या ऑपरेटरला कीबोर्डापुढे एक मिनिट मिळतं, साहेबांच्या समक्ष.

जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी मी बोंद्रेबाईंच्या खुर्चीत बसलो. बाई शेजारी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण विसरलो. बोटं बटणांवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा टाइप केलं, “किती ठेवू?”

मग उत्तर आलं.

“चार.”

“चार म्हणजे?” साहेब म्हणाले.

“म्हणजे पूर्ण एक सेकंद थांबायचं, साहेब. माझा हात जड आहे ना.”

“मला कधी चार नाही म्हणाला,” बोंद्रेबाई म्हणाल्या. “दोनच्या वर कधी गेलाच नाही.”

साहेबांनी निकाल तिथेच लिहिला: ओळख पटली, बदली कायम, पुढील अर्ज जूनमध्ये. मी उठलो. बाईंनी खुर्ची जरा जोरातच पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटणं पुसली नाहीत. काही विचारलंही नाही. आपोआप चालणारी फाइल उघडली, त्यात ‘डिले एक, रेट तीस’ लिहिलं आणि बंद केली. आता त्याला कुणासाठी चार म्हणायची सोय राहिली नाही. मी कपाटाच्या बाजूने सगळं पाहिलं. मग माझ्या फाइलमधली एकोणीस वर्षांची ओळ खोडली आणि नव्या कीबोर्डाला विचारलं, “आज किती ठेवू?” तो काही बोलला नाही. मी रोज विचारतो, सवय लागावी म्हणून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोंद्रेबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात दाखला होता, त्यावर नुसतं ‘वजनका’ एवढंच उमटलेलं.

“खरवडकर,” त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही ट कसा काढायचात?”

“कोपराने,” मी म्हणालो.

जूनला अजून दहा महिने आहेत.