बापापुढे गेलेला माणूस

सकाळी दहाला साहेबांनी टक्केबुवांना बोलावलं आणि तीन वाजायच्या आत बापापुढे गेलेला एक माणूस हजर करायला सांगितलं.

टक्केबुवा म्हणजे आकडेमोड खात्यातले जुने कारकून. घोरतातसुद्धा दशांशात, असं त्यांची बायको सांगते. दोन वर्षं खपून त्यांनी बारा देशांचा तक्ता केला होता: बापाची कमाई कुठल्या देशात लेकाला किती चिकटते. कुठे ती अळवावरच्या पाण्यासारखी ओघळून जाई, कुठे डिंकासारखी घट्ट बसे. आपला नंबर अकरावा आला होता. दुपारी परदेशी पाहुणे यायचे म्हणून साहेबांनी तो खोडून चौथा केला.

"पण नुसत्या तक्त्यावर कोण विश्वास ठेवणार हो? प्रत्येक देश एकेक जिवंत नमुना आणतोय. तुम्ही आणलात तर मुख्य कारकुनाची जागा तुमची. नाहीतर माझा भाचा आहेच."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. टक्केबुवा उठले ते थेट लिफ्टपाशी.

"माझा बापही हीच लिफ्ट चालवायचा," लिफ्टमन म्हणाला. "लिफ्ट वर जाते बुवा. आम्ही तिच्याबरोबर खाली येतो."

टायपिस्टबाई आईच्या खुर्चीत बसत होत्या, पहारेकरी आजोबांची शिट्टी फुंकत होता. पाच मजले पालथे घातले, पण बापाची खुर्ची सोडलेला लेक काही सापडेना. टक्केबुवांचे स्वतःचे वडीलही त्याच टेबलावर टक्के काढत. पण संशोधकानं स्वतःला मोजू नये, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

अडीचला ते घामाघूम होऊन फाटकाबाहेर आले. तिथे पंक्चरवाला हात काळे करून बसला होता.

"तुमचे वडील काय करायचे हो?"

"इथंच होते की, तुमच्या कचेरीत."

"आणि कमाई तुमची जास्त की त्यांची?"

"माझी तिप्पट तरी असेल. दुकानं वाढलीत ना आता. हे पहिलं, म्हणून मी इथंच बसतो."

शिपायाचा मुलगा! टक्केबुवांनी पुढचं काही विचारलंच नाही. आयुष्यभर ज्यांनी रकाना कधी कोरा सोडला नाही, त्यांनी नेमका बापाच्या हुद्द्याचाच अंदाजानं भरला आणि पंक्चरवाल्याला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं.

त्याला पाहताच साहेब पांढरे पडले.

"वडील काय होते?" थंड देशाच्या पाहुण्या बाईंनी विचारलं.

"साहेब. ह्याच कचेरीचे. ती मधली खुर्ची त्यांचीच."

बाईंनी चष्मा सावरला.

"मग तुम्ही पंक्चर कसे काय काढता?"

"आम्ही भाऊ दोन, खुर्ची एक. धाकटा अभ्यासात कच्चा, म्हणून बाबांनी त्याला तिथं चिकटवला. मी म्हटलं, माझं मी बघून घेईन."

सगळ्यांच्या माना मधल्या खुर्चीकडे वळल्या. साहेब रिकाम्या पेल्यातून पाणी पीत होते.

"एकाच आईच्या पोटी दोन देश!" बाई हरखून टाळ्या वाजवू लागल्या. मागोमाग अख्खं सभागृह.

पाच वाजता मुख्य कारकुनाची जागा भाच्याला मिळाली.

साडेपाचला टक्केबुवा मनाचा हिय्या करून फाटकाबाहेर गेले. पाहतात तो पंक्चरवाल्याच्या घमेल्यापाशी साहेब उकिडवे बसलेले.

"दादा, दोनदा नापास झालाय रे माझा पोरगा. आता कचेरीत कुठल्या तोंडानं चिकटवू? तू घे ना त्याला."

पंक्चरवाल्यानं मान वर केली. "आणि बुवा, तुमचं काय?"

"मी आपला... निवृत्तीनंतर... हवा भरायला वगैरे..."

त्यानं ट्यूब पाण्यात दाबली आणि बुडबुडे निरखत म्हणाला, "जागा असती तर नाही म्हटलं नसतं हो. पण दुकानं चार आणि मुलंही चारच. आजपासून आमचा धंदा वडिलोपार्जित."