सासुरवाडीला फाडलेली पावती

दादाभाऊंनी फेट्यामागे पाच रुपये घ्यायचं ठरवलं, त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते ऐकून माणसं काहीबाही बोलतात.

दादाभाऊ कळंबच्या एका पतसंस्थेत कारकून. पगार बेताचा, स्वभाव भिडस्त, अक्षर सुंदर. पण फेट्याचं कापड हातात आलं की हा माणूस वेगळाच व्हायचा. दोन मिनिटांत डोक्यावर असा पीळ बसवायचा, की कालपर्यंत शेळ्या राखणारा गडीसुद्धा गावचा कारभारी दिसावा. आंबेगावात काय आणि जुन्नरात काय, लग्न निघालं की दादाभाऊंना निरोप जायचाच. वीस वर्षं हा छंद चालला. कुणी पैसे दिले नाहीत, यांनी मागितले नाहीत. स्पीकरवरून नाव पुकारायचं, हातात नारळ, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि पहिल्या पंगतीला मानाने बसवायचं. एवढ्यावर दादाभाऊ तृप्त होते.

तृप्त नव्हत्या त्या त्यांच्या बायको, वैजयंतीबाई.

"पन्नास डोकी बांधायची, आन् घरी आल्यावर मला म्हणायचं, खांदे चोळ. मिळकत काय, तर नारळ! अवो, खोबरं खाऊन खाऊन पोरांना खोकला लागला. आन् ह्या टोप्यांचं मी काय करू? माठ झाकू?"

(माठ त्या आधीपासूनच टोपीने झाकत होत्या. ही गोष्ट दादाभाऊ बाहेर कुणाला सांगत नसत.)

तर, दोन हजार सालच्या दिवाळीनंतर फेट्यामागे पाच रुपये सुरू झाले. लोकांनी कुरकुर न करता दिले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस पतसंस्थेचे मॅनेजर भगवंतराव चहा पिता पिता सहज म्हणाले, "दादाभाऊ, साईड बिझनेस जोरात हाय म्हणं. इन्कम टॅक्सला कळवलंय का?"

भगवंतराव बोलून विसरले. दादाभाऊंच्या घशाखाली चहा उतरेना. ज्याच्या बापाने शेतसारा कधी एक दिवस उशिरा भरला नाही, त्याच्या दारात टॅक्सवाल्यांची गाडी! त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक मंचर गाठलं. तिथं सुदर्शन नावाच्या एका बी.कॉम. झालेल्या तरुणाने टॅक्स सल्लागाराचं ऑफिस थाटलं होतं. दादाभाऊ हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. (हे फार उशिरा कळलं.)

"धंदा कसला?" सुदर्शनने कोरा कागद पुढं ओढला.

"धंदा न्हाई ओ, छंद हाय."

"छंदाचे पैसे घेता?"

"दिवाळीपासनं घेतो."

"मग धंदा." त्याने लिहिलं. "त्याआधी काय मिळायचं?"

"नारळ, टॉवेल, टोपी."

सुदर्शनचं पेन थांबलं. त्याने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वर्षाला टोप्या किती?"

दादाभाऊ खुर्चीच्या कडेला सरकले. "टोपीवर बी टॅक्स हाय?"

"तसं स्पष्ट कुठं दिसत नाही. मागचं जाऊ द्या. इथून पुढं नंबर घातलेलं पावतीबुक ठेवा. जो पैसे देईल त्याला पावती. सोयरा असो का परका. कायद्याला नातंगोतं नसतं."

हे शेवटचं वाक्य दादाभाऊंनी हरिपाठासारखं पाठ केलं. त्यांनी 'दादाभाऊ फेटा सेवा, कळंब' अशा ठसठशीत अक्षरात पावत्या छापून घेतल्या. शिवाय ज्याच्या डोक्यावर फेटा त्याचं नाव-गाव पावतीवर लिहायचं, असाही एक नियम केला. (सुदर्शनने तसं सांगितलं नव्हतं. पण कारकुनाला नियम पुरत नाहीत.)

तळेघरच्या एका लग्नात कुशाबा नावाचा म्हातारा फेट्याला बसला. दोन वेढे झाले आणि दादाभाऊंनी पेन काढलं.

"नाव सांगा, बाबा."

"नाव कशापायी?"

"पावतीला."

"डोस्क्याची पावती?" म्हातारा उठलाच. "आज नाव लिवशील, उद्या तलाठी पाठवशील! मला न्हाई पायजे तुजा फेटा." आणि अर्धं कापड डोक्यावर, अर्धं मातीत, असा तो मांडवाबाहेर चालू लागला. त्याच्यामागे आणखी चार म्हातारे गेले. नवरीच्या बापाने कपाळाला हात लावला. दादाभाऊ मात्र शांत होते. कायद्याने वागणाऱ्याला त्रास व्हायचाच, असं त्यांचं मत झालं होतं.

आता खरी गोष्ट इथून पुढं. दादाभाऊंची सासुरवाडी डिंगोऱ्याची. फेब्रुवारीत त्यांच्या मेहुण्याच्या, सयाजीच्या मुलीचं, वृषालीचं लग्न ठरलं. सयाजी स्वतः कळंबला पतसंस्थेत आला.

"दाजी, फेट्यांचं तुमी बघायचं. एकशेएक हायेत."

सोयरा असो का परका! दादाभाऊंनी सुंदर अक्षरात दरपत्रक लिहून पुढं केलं. सासुरवाडी म्हणून दर चार रुपये लावला. (ही सवलत त्यांना फार मोठी वाटत होती.) सयाजीने कागद दोनदा वाचला. मग पैसे मोजले. दादाभाऊंनी पावती फाडली.

सयाजीने ती घडी करून खिशात घातली. "बरं केलंत, दाजी," तो म्हणाला. हे आपलं कौतुक आहे, अशी दादाभाऊंची प्रामाणिक समजूत झाली. वैजयंतीबाईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, कारण बायकांना टॅक्समधलं काय कळतं!

लग्नाच्या दिवशी दादाभाऊंनी सकाळपासून एकशेएक डोकी बांधली. हात गळून आले. मग स्पीकरवर मानकऱ्यांची नावं सुरू झाली. जावयांचा मान पहिला. ओतूरचे जावई झाले, आळ्याचे झाले, नारायणगावचे झाले. दादाभाऊ सदरा ठीकठाक करून उभे राहिले. यादी संपली. त्यांना वाटलं, चुकून राहिलं असेल. तेवढ्यात स्पीकर पुन्हा खरखरला:

"बँडवाले, मंडपवाले आणि फेटेवाले यांनी मागच्या बाजूला जेवून घ्यावं!"

दादाभाऊंच्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. ते सयाजीला शोधत गेले.

"सयाजी, माझं नाव राहिलं, राव."

"राहिलं न्हाई, दाजी." सयाजीचा आवाज चढला नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. "तुमी जावई म्हणून आला असता, तर पायघड्या घातल्या असत्या. तुमी दर लावला. म्या पैसे दिले, तुमी पावती दिली. हिशेब मिटला. आता पावती फाडणाऱ्या माणसाचा मान कसा करत्यात, ते तुमीच सांगा."

कायद्याला नातंगोतं नसतं हे त्यांना माहीत होतं. नात्याला कायदा नसतो, हे वीस वर्षं मांडवात वावरून कळलं नव्हतं. ते बँडवाल्यांच्या पंगतीला बसले आणि मान खाली घालून जेवले. शेजारचा ढोलवाला म्हणाला, "बुंदी घ्या की, धंद्यात लाजायचं न्हाई." त्यांनी बुंदी पानाच्या कडेला सारली.

परतीच्या एसटीत वैजयंतीबाई नारायणगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. तिथं बोलल्या. "माझ्या माहेरच्या मांडवात माझा नवरा मजूर म्हणून जेवला. आता मी कंच्या तोंडानं जाऊ तिकडं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाभाऊंना वाटलं, टॅक्सवाल्यांनी धाड घातली असती तरी परवडलं असतं.

त्यांनी मनीऑर्डरने पैसे परत पाठवले. सयाजीने ती घेतली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑगस्टमध्ये रिटर्न भरायची वेळ आली. दादाभाऊंनी पैशाची तजवीज करून ठेवली होती. निदान देशाच्या तिजोरीत आपला वाटा पडतोय, एवढं तरी समाधान! सुदर्शनने आकडे मांडले, पुन्हा मांडले.

"टॅक्स शून्य."

"म्हंजी?"

"पगार आणि फेटे मिळूनसुद्धा तुम्ही मर्यादेच्या खूप खाली आहात. खरं म्हणजे तुम्हाला रिटर्न भरायचीसुद्धा गरज नव्हती."

"हे तुमाला आधी सांगता आलं न्हाई?"

"तुम्ही इतके घाबरून आला होता," सुदर्शन ओशाळून म्हणाला, "मला वाटलं, बरंच असेल."

त्या दिवसापासून दादाभाऊंनी धंदा बंद केला. फेट्याला हातच लावेनात. घरात वैजयंतीबाई कामापुरतं बोलायच्या. त्या वर्षी अधिक आश्विन होता, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. गावोगावचे जावई पिशव्या घेऊन निघाले. दादाभाऊ रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि बघत नसल्याचं दाखवायचे. महिना सरत आला, आणि डिंगोऱ्याहून सासूबाईंचा, प्रयागबाईंचा निरोप आला: 'जावईबापूंनी लेकीला घेऊन धोंडे खायला यावं.'

दादाभाऊ न्हाणीत जाऊन रडले. पाण्याचा आवाज मोठा ठेवला होता, तरी घरात कळलं.

डिंगोऱ्याला पाटाभोवती रांगोळी होती. प्रयागबाईंनी ओवाळलं. सयाजी म्हणाला, "दाजी, झालं ते झालं. मानाचा फेटा राहिला व्हता, तो आज बांधायचा. तुमाला फेटा बांधायला तुमालाच कसं सांगायचं? म्हणून ओतूरहून माणूस आणलाय, पैसे मोजून."

तो माणूस पुढं आला. भिका नाव त्याचं, हाताला सवय बेताची. पहिल्याच वेढ्याला दादाभाऊंना कळलं की हे काही खरं नाही. पीळ सुटत होता, तुरा कानावर येत होता. पण मान घेणाऱ्याने स्वतः हात लावायचा नसतो. दादाभाऊंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि डोळे मिटले. शेजारपाजारची माणसं दारात जमली होती. दोन तालुक्यांत नाव असलेल्या माणसाच्या डोक्यावर तो फेटा कलत कलत डाव्या डोळ्यावर आला.

पानं वाढली. सयाजी भिकाला म्हणाला, "तू मागच्या पडवीत बस जेवाया."

"न्हाई," दादाभाऊ म्हणाले. "तो माझ्या शेजारी बसंल. ह्याच पंगतीला."

प्रयागबाईंनी स्वतः दुसरा पाट मांडला. भिका संकोचत बसला, धोंड्यावर तूप ओतून घेतलं, दोन घास खाल्ले, आणि बरोबरीला बसल्यावर त्याला धीर आला. त्याने दादाभाऊंकडं निरखून पाहिलं.

"पावणं, रागावू नका. फेटा म्या सरळच बांधलाय. तुमचं डोस्कंच वाकडं हाय."

तूप वाढणाऱ्या वैजयंतीबाई थांबल्या, आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा खळखळून हसल्या.

"ह्याला अजून एक धोंडा वाढ गं आई," त्या म्हणाल्या. "मला वीस वर्षं लागली व्हती समजायला!"