ट्रकची वीज कोण पितं?

मुलांनो, डोळे मिटा आणि एक जुना पिकअप ट्रक डोळ्यांसमोर आणा. रंग एकेकाळी निळा. आता थोडा निळा, थोडा गंज आणि उरलेली चिकटपट्टी! दार बाहेरून उघडत नाही, आतून लागत नाही. आला डोळ्यांसमोर? आता त्याच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे असलेले एक आजोबा आणा.

हे थायलंडमधल्या चंथाबुरीचे बुन्लुए आजोबा. दुरियान या फणसासारख्या काटेरी फळाचे बागायतदार.

"एकतीस वर्षं!" आजोबा म्हणाले. "या ट्रकची नाडी मला कळते. मेकॅनिकचा हात याला कधी लागला नाही."

"तेच तर दुखणं आहे!" त्यांची मुलगी रच्चनी कडाडली. "बाबा, शेवटचं सांगते. शनिवारी दुरियान घेऊन हा ट्रक दहाच्या आत वखारीत पोचला नाही, तर रविवारी भंगारात! भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय मी!"

तिचंही बरोबर होतं. सोंगक्रानचा पाण्याचा सण होऊन तीन आठवडे झाले होते आणि तेव्हापासून रोज सकाळी ट्रक ढकलावा लागत होता. बुधवारी तर ढकलूनही तो हलेना. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'!

"बॅटरी म्हातारी झाली," आजोबांनी निकाल दिला आणि शेजारच्या थोंगदीच्या गाडीची बॅटरी मागून आणून बसवली.

गुरुवारी सकाळी पुन्हा 'टक्'!

थोंगदी धावत आला. "बुन्लुएदादा, काल धडधाकट होती हो ती!"

"म्हातारी असेल."

"अहो, दोन महिन्यांपूर्वी घेतलीय!"

"हल्लीच्या बॅटऱ्या जन्मतःच म्हाताऱ्या!"

आता दोन घरांच्या दोन गाड्या ठप्प. थोंगदीची बायको बाजाराला पायी निघाली आणि जाताना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

तेवढ्यात डॅशबोर्डमागून आवाज आला. "टोक-के! टोक-के!"

"सापडला चोर!" आजोबा ओरडले. "ही टोके पाल वायरी कुरतडतेय!"

टोके म्हणजे आपल्या घरातली गरीब पाल नव्हे. वीतभर लांब, ठिपकेदार आणि तुसडी! आजोबांनी केरसुणी आत घातली, पाल सरळ बाहेर आली आणि त्यांच्या बाहीला चावून लोंबकळली.

"ओढू नका, दादा!" थोंगदी ओरडला. "ओढलं की जास्त आवळते!"

"मग काय करू? जेवायला वाढू तिला?"

शेवटी सदरा काढून पालीसकट झाडावर टांगला, तेव्हा सुटका झाली. वायरी पाहिल्या तर एकही कुरतडलेली नाही!

शुक्रवारी आजोबा उघडेच बसून धुसफुसत होते. त्यांची नऊ वर्षांची नात फाइलिन जवळ आली.

"आजोबा, वीज जाते कुठे?"

"कुठे म्हणजे? जाते!"

"शाळेत टाकी रिकामी व्हायची, तेव्हा बाईंनी एकेक नळ बंद करून पाहिला. आपणही तसं करू या?"

आजोबांना काहीच सुचत नव्हतं, म्हणून ते कबूल झाले. त्यांनी किल्ली काढली, सगळे दिवे बंद केले. मग बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडी खरंच झोपली असेल, तर असा बल्ब पेटत नाही.

तो पेटला!

"कुणीतरी जागं आहे," फाइलिन कुजबुजली. तिने एकेक फ्यूज काढला. हॉर्नचा काढला, बल्ब पेटलेला. दिव्यांचा काढला, पेटलेला. सगळे काढले, तरी पेटलेलाच!

म्हणजे चोर फ्यूजच्या वाटेने येतच नव्हता. तिने बॅटरीपासून निघालेल्या एका लाल वायरीवर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत सीटखाली नेलं. तिथे मिरवणुकीच्या भोंग्यांचं मशीन होतं. चांगलं कोमट!

"ही वायर कुणी लावली?"

आजोबा खोकले. "सणाला देवळापाशी किल्ली काढली की गाणी बंद पडायची. म्हणून जरा सरळ बॅटरीला..."

"म्हणजे हे तीन आठवडे चालूच आहे?"

"आवाज शून्यावर केला होता की!"

"आवाज गप्प, पण मशीन जागं ना!"

वायर सोडली. बल्ब विझला. थोंगदीने दोन्ही बॅटऱ्या दुकानात चार्जिंगला नेल्या. आपली त्याने घट्ट पोटाशी धरली होती.

संध्याकाळी ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. आजोबांनी वळायचा दिवा लावला, तर 'टिक्-टिक्'च्या तालावर डिझेलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे नाचू लागले. दिवा बंद केला, तर डिझेलचा काटा जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखा 'फुल्ल'वर!

आजोबांनाच आता चेव आला. वीज जशी येते, तशी तिला परतायलाही वाट लागते. ती वाट अडली, की ती भलतीकडे घुसते आणि काटे खोटं बोलतात. परतीचा बोल्ट पायाजवळ होता. सणात खिडकीतून बादल्याच्या बादल्या पाणी आत आलं होतं, त्याबरोबर तोंडाला फासायची पांढरी मातीही. बोल्ट गंजून मातीत पुरला होता. आजोबांनी तो खरवडला, घासला, आवळला.

तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर आला. डिझेलचा मात्र धपकन तळाला गेला!

"मोडला!" आजोबांनी कपाळावर हात मारला. "आत्तापर्यंत फुल्ल होता!"

"आजोबा, खरंच डिझेल नसेल तर?"

"मला शिकवू नकोस! तीन आठवडे फुल्ल असलेली टाकी एका बोल्टने रिकामी होते का?"

शनिवारी साडेनऊला, वखार दोन मैलांवर असताना, ऐन चढावर ट्रकने दोन उचक्या दिल्या आणि थांबला. मागे दुरियानचा डोंगर.

"बॅटरीच असेल," आजोबा आशेने म्हणाले.

शेजारी बसलेल्या फाइलिनने हॉर्न दाबला. "पोंऽऽ!" झाडावरची पाखरं उडाली.

आजोबा काट्याकडे बघत राहिले. मग बोटाने त्याला टिचकी मारली. मग आणखी एक मारली.

फाइलिनने मागे चढून सर्वांत मोठा दुरियान देठाला धरून उचलला आणि चढावरच्या टपरीकडे निघाली. तिथे फळीवर डिझेलच्या बाटल्या मांडलेल्या असतात. तिने फळ फळीवर आदळलं आणि म्हणाली, "मावशी, याच्या बदल्यात दोन बाटल्या द्या. पण लवकर! दहा वाजता आमचा ट्रक भंगार होतोय!"

आणि दोन्ही बाटल्या छातीशी धरून ती उताराने धावत सुटली.