हब ढिला, अबोला घट्ट

वाद चाकावरून सुरू झाला आणि मेहुण्यापर्यंत पोचला. मेहुण्यापर्यंत पोचलेला वाद आजवर कोणत्या नवऱ्याने जिंकलाय?

ट्रॅक्टर म्हातारा, या नवराबायकोच्या लग्नाच्याही आधीचा. त्याच्या पुढच्या डाव्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, ढिला झाला आणि चाक चालताना डुलायला लागलं. जेवताना बायको म्हणाली, "भावाला बोलावते. तासाभरात आवळून देईल." भावाचं नाक्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा म्हणाला (तोंडातला घास आधी गिळला असता तर पुढचं सगळं टळलं असतं), "तुझा भाऊ हात लावेल त्याचं वाटोळं करतो. मीच करीन."

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला आणि अबोला धरला.

अबोल्याचे नियम कडक असतात. जो आधी बोलेल तो हरला. भिंतीशी बोललेलं चालतं. "ज्यांना जेवायचंय त्यांनी जेवून घ्यावं," असं ती भिंतीला सांगायची आणि भिंतीच्या वतीने हा जाऊन जेवायचा. पण ही बाई एरवी उठल्यापासून निजेपर्यंत बोलणारी. तिचा आवाज थांबला तसं घर त्याला खायला उठलं. ती समोर बसलेली असायची आणि तरी त्याला तिची आठवण यायची. माघार घ्यावी, तर मान खाली जाते. मग त्याने ठरवलं, चाक असं ठणठणीत करायचं की तिच्या तोंडून कौतुकाचा एक तरी शब्द निघालाच पाहिजे.

त्याने जॅक लावून ट्रॅक्टरचं तोंड उचललं. हबची टोपी काढली, आतली पिन उपसली आणि अंगातलं सगळं बळ लावून नट आवळला. ही पिन नटातून आडवी जाते. ती असते म्हणून नट फिरत नाही, आणि नट असतो म्हणून चाक आपल्याकडे राहतं. पिन परत बसवताना तिचे दोन तुकडे झाले. नवी पिन मिळणार कुठे? नाक्यावर, मेहुण्याकडे! छे. तो घरात गेला, आरशाखालच्या डबीतून बायकोची केसांची पिन घेतली आणि नटात खुपसून वाकवली. (बसली मात्र अशी, जणू त्याच कामासाठी घडवलेली.)

"बियाणं शेतात न्यायचंय," बायकोने भिंतीला कळवलं. पोती मागे चढली, बायको मडगार्डवर बसली, चेहरा पलीकडे. ट्रॅक्टर उतारावरून निघाला. चाक डुलत नव्हतं. तो वाट बघत होता. आता बोलेल, मग बोलेल.

आणि अचानक ती ओरडली, "अहो, चाक!"

त्याने चाकाकडे नाही, तिच्याकडे वळून पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"चाक! चाक निघालंय!"

"नाही, त्याच्या आधी काय म्हणालीस?"

तेवढ्यात चाक पुढे गेलं आणि ट्रॅक्टरने तोंड जमिनीत खुपसलं. चाक एकटंच उतारावरून धावत बांधावर चढलं आणि पलीकडे दिसेनासं झालं. कुणाला खरचटलंही नाही. त्याने घाईघाईने तिचे हातपाय तपासले, तिने त्याचे. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यासमोरच मेहुण्याला फोन लावला. "ये बाबा. मी फार वाईट बोललो तुझ्याबद्दल. माझं चुकलं."

तिचे डोळे भरून आले. आणि मग धरण फुटलं! नळ कसा गळतोय, शेजारणीने काय सांगितलं, स्वप्नात तिची आई कशी आली होती, "आणि तुम्ही भाजीत मीठ नाही तरी मुकाट खाल्लीत, मला इतकं वाईट वाटलं!" सगळं साठलेलं बाहेर आलं. तो बांधावर बसून ऐकत होता. इतका सुखी तो लग्नाच्या दिवशीही नव्हता. मेहुणा हत्यारांची पिशवी घेऊन आला, चाक शोधून ढकलत आणलं, पिशवीतून खरी पिन काढून खाली वाकला, तरी तिचं चालूच होतं.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता.

"ते सगळं खरं," नवरा प्रेमाने म्हणाला, "पण एक कबूल कर. आधी तूच बोललीस."

ती वाक्याच्या मधेच थांबली. त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि तोंड पलीकडे फिरवून बसली.

मेहुण्याने पाना खाली ठेवला. हात पुसत तो म्हणाला, "दाजी, चाकाचं मी बघतो. हे मात्र माझ्याकडे दुरुस्त होत नाही."