समिती बाहेर, खुर्च्या आत

कांदाभज्यांचा कागद विषयपत्रिकेवर ठेवला की तेलाचा डाग वरून खाली पसरत जातो. सुरुवातीला झपाट्यानं, मग रेंगाळत. आमच्या बैठकीत तो चौथ्या विषयाला टेकतो तेव्हा भजी संपलेली असतात, आणि भजी संपली की अध्यक्ष भिमाजीराव हात पुसत म्हणतात, "चौथा विषय फुडच्या टायमाला!"

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. निरीक्षण हाच माझा धंदा. त्यामुळे निष्कर्ष काढायला मला वेळ लागला नाही. भजी बंद केली की चौथा विषय मार्गी लागणार! इतकी सोपी गोष्ट इतक्या वर्षांत कुणाला सुचली नाही, याचं मला नवलच वाटलं.

चौथा विषय असा. कामगारांच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम निवृत्ती निधीत जाते, तेवढीच भर संघ घालतो, आणि माणूस निवृत्त झाला की त्यातून त्याला पेन्शन मिळते. हा सगळा निधी पाथर्डीतल्या एकाच पतसंस्थेत! पतसंस्था चांगली आहे, तक्रार नाही. पण एक आंबट कॅन अख्खा टँकर नासवतो, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक. तरी सगळ्यांचं म्हातारपण आम्ही एकाच टाकीत ओतलेलं! ठेवीची मुदत आज संपत होती. पाच वाजेपर्यंत समितीनं कळवलं नाही, तर ती आपोआप पुढची पाच वर्षं तिथंच अडकणार. आणि पाकीट विभागातल्या रतनबाई पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या.

निधीच्या विश्वस्त समितीत आम्ही चौघं. टँकर विभागाचे भिमाजीराव, बॉयलरवरचे कल्याण, हिशेब विभागातली जया आणि मी. नगरला विश्वस्तांचं एक दिवसाचं प्रशिक्षण करून आल्यापासून मी जरा ताठ चालत होते. दुपारीच कँटीनच्या गोरक्षला बजावलं, "निर्णय होईपर्यंत भजी नाहीत." बॉयलर विझवायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

बैठक सुरू झाली. मी म्हणाले, "आधी एक नियम. ज्या संस्थेबद्दल निर्णय घ्यायचा, तिच्याशी ज्याचं नातं असेल त्यानं तेवढ्या विषयापुरतं बाहेर जायचं. चर्चा नाही, मत नाही."

"म्हंजी?" भिमाजीरावांनी विचारलं.

"पतसंस्थेचे चेअरमन आसारामशेठ तुमचे व्याही ना?"

"व्हय. आमची सुकन्या त्यांच्याच घरात दिलीया."

"मग तुम्ही बाहेर."

मला वाटलं, आता भडका उडणार! पण भिमाजीराव पुढं झुकले. "लिवलेला नियम हाय?"

"हो."

"म्हंजी मला व्याह्याला व्हयबी म्हनता येत न्हाई आन न्हाईबी म्हनता येत न्हाई?"

"तोंडच उघडायचं नाही."

डोक्यावरचा भरलेला हंडा कुणी उतरवून घ्यावा तसा त्यांचा चेहरा झाला. "आदी का न्हाई सांगितलं वो मॅडम!" म्हणत ते जवळजवळ पळतच बाहेर गेले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण कल्याण उठले. "मॅडम, मग मलाबी जावं लागंल. शेठ माझ्या साडूचे मामा."

"साडूचे?"

"सख्खा साडू हाय! परवाच त्याच्याकडं मटन खाल्लं."

नियम म्हणजे नियम. कल्याण गेले. जया म्हणाली, "शेठची धाकटी सून माझी चुलत नणंद." जयाही उठली.

"काही हरकत नाही," मी म्हणाले. "मी आहे. मी मूळची काष्टीची. माझं इथं कुणाशी काही नाही."

जया दारातच थांबली. "मॅडम, तुमच्या धाकट्या जाऊबाई, मोनिका. त्यांची आई शेठची सख्खी बहीण ना?"

खरंच की! मोनिकाच्या लग्नात मामा म्हणून शेठच पुढं होते. एवढंच काय, त्यांनी आहेरात दिलेली साडी त्या क्षणी माझ्या अंगावर होती!

मी पंखा बंद केला आणि बाहेर आले.

आत चार खुर्च्या. बाहेर लिंबाखाली चार विश्वस्त. हे गोरक्षनं कँटीनच्या खिडकीतून पाहिलं. भजी नाहीत, आणि समिती बाहेर! त्यानं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझ्याइतक्याच आत्मविश्वासानं निष्कर्ष काढला. "निधी बुडाला! समितीला भजी परवडंनात, आन सायबानं सगळ्यांना भाईर काढलं!"

पाकीट विभागातल्या बायका डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या तशाच ठेवून धावत आल्या. पुढं रतनबाई.

"मॅडम, खरं सांगा. माजी पेन्शन गेली का?"

"नाही हो. पैसे जागच्या जागी आहेत."

"मंग समिती भाईर का?"

"कारण आत बसायला आमच्यापैकी कुणीच पात्र नाही."

वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक होतं. त्याहून वाईट वाक्य मला आयुष्यात सुचलेलं नाही! बायकांनी एकच गलका केला. रतनबाईंनी हातातले मोजे काढले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरांफुडं हात पसरायला लागू नये म्हनून मी इथं उभं राहून गुडघे घालवले. आता ठरवनार कोन? खुर्च्या?"

तेवढ्यात फाटकातून जीप आत शिरली आणि आसारामशेठ उडी मारून उतरले. बातमी पाथर्डीला पोचेपर्यंत बाळसं धरून बसली होती.

"आवो, पतसंस्थेफुडं रांग लागली! लोक म्हनत्यात दूध संघाची समिती पळाली, म्हंजी पतसंस्था गेलीच!"

"पळालो नाही, इथंच उभे आहोत," मी म्हणाले.

"तेच वंगाळ दिसतंय की! व्याही, तुमी तरी कायतरी बोला!"

भिमाजीराव लिंबाला टेकून रुबाबात उभे होते. "लई बोलावंसं वाटतंय व्याही. पन नियम हाय. लिवलेला!"

"आवो, माझी अब्रू चाललीय!"

"मॅडमला इचारा. मला तोंडच न्हाई."

शेठनी मला हात जोडले. "बाई, काय काढायचं ते काढा, काय ठेवायचं ते ठेवा. पन आदी आत जाऊन बसा!"

जया हळूच म्हणाली, "मॅडम, नियम खरंच एवढाच होता?"

होता का? नव्हता. पुढं आणखी अर्धा होता. ज्याचं घरचं जवळचं नातं असेल किंवा व्यवहारात स्वतःचा फायदा असेल, त्यानंच बाहेर जायचं. बाकीच्यांनी आपलं नातं सांगून, नोंद करून आत बसायचं. अपवाद सांगितले की नियमाचा धाक राहत नाही, असं वाटून मी तो अर्धा गाळला होता! एरवी कुणी अर्धी चाचणी करून अहवाल दिला असता, तर मीच तो फाडला असता.

भिमाजीरावांना लिंबाखाली ठेवून आम्ही तिघं आत आलो. आपापली नाती सांगितली, जयानं नोंद केली. पाचाला थोडाच वेळ उरला होता.

"ठरावाला सूचक कोण?" जयानं विचारलं.

खरा अडसर हाच होता. ठराव सगळ्यांना पटलेला. अनुमोदन द्यायलाही सगळे तयार. पण पहिलं नाव ज्याचं लिहिलं जाणार, त्याला उद्या लग्नाकार्यात शेठच्याच पंगतीला बसायचं. कल्याण बंद पंख्याकडे बघू लागले. जया माझ्याकडे. मी खिडकीकडे, तर तिथं गजांना धरून रतनबाई उभ्या!

मोनिका संध्याकाळी काय म्हणेल, हा विचार मी बाजूला ठेवला आणि बोलले. माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले. हा आवाज परीक्षानळ्यांना पुरतो.

लिंबाखालून भिमाजीराव न ऐकताच ओरडले, "अनुमोदन!"

"अध्यक्ष, तुम्ही गप्प!" जया.

"काय म्हनल्या?" रतनबाई खिडकीतून. "आमाला कायबी ऐकू आलं न्हाई! मोठ्यानं बोला की, बाई!"

मी उभी राहिले. घसा साफ केला. आणि फाटकाजवळच्या टँकरवाल्यांनीही माना वळवाव्यात अशा आवाजात म्हणाले, "निधीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा कुठल्याही एका संस्थेत राहणार नाही! बाकीचा आजच काढायचा, सरकारी रोख्यांत आणि राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवायचा! सूचक, मी!"