रामटेके काकांचा कागदी किल्ला

चंद्रपुरात मे महिन्यात एखाद्या घरात कूलर बंद दिसला, तर तिथे एक तर वीज गेलेली असते किंवा माणूस. आमच्या समोरच्या रामटेके काकांकडे दोन्हींपैकी काहीच झालेलं नसतं. त्यांच्याकडे वेढा पडलेला असतो.

त्यांच्या डायनिंग टेबलवर चांद्याचा, म्हणजे जुन्या चंद्रपूरचा, किल्ला उभा आहे. कागदाचा. तटाच्या आत किल्ल्याचे शिपाई, बाहेर इंग्रजांची फौज. सगळे बोटाच्या पेराएवढे आणि तेही कागदाचेच, खाली चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर उभे. कूलरचं बटण दाबलं की पहिल्याच झोतात इंग्रज बेसिनपर्यंत पोचतात. शांताबाईंनी, म्हणजे काकांच्या मोठ्या बहिणीने, एकदा नुसता पंखा एकवर ठेवून पाहिला, तर अख्खं घोडदळ वरणात पडलं. त्या घरात हे दोघंच राहतात. मे महिन्यात दोघंही डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसतात आणि जमिनीवर जेवतात.

"पावसाळ्यात खेळत जा ना," असं त्यांना गल्लीतल्या प्रत्येकाने सांगून झालं आहे.

"अठराशे अठराचा वेढा मे महिन्यात पडला होता," काका म्हणतात. "जुलैत खेळलो तर नियमात बसत नाई."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आलं न घातलेला चहा नियमात बसत नाही. वरातीतला डीजे नियमात बसत नाही. काका वनखात्याच्या कचेरीत कारकून होते. वन्यप्राण्यांनी गुरं मारली, माणसं मारली, की त्याचे कागद त्यांच्या टेबलावर यायचे. गल्लीत असं म्हणतात की रामटेके भाऊंनी जन्मात एकही वाघ पाहिला नाही, पण अर्जावरून ते त्याचं वय सांगतात.

मी त्या घरात पोचले ती माझ्या आईमुळे. मी फारशी बोलत नाही. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी बोललं की हसायचे, त्यामुळे गप्प बसणं हे दोन्हीकडे चालणारं माध्यम मी लवकरच निवडलं. आता मी घरी बसून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देते. आईच्या मते जे काम करायला चप्पल घालावी लागत नाही, ते काम नव्हे. म्हणून काकांनी "इंग्रजी वाचणारं कोनी आहे का" असं विचारल्याबरोबर ती म्हणाली, "आमची कॉन्व्हेंटची आहे ना. रिकामीच असते."

पहिल्या दिवशी काकांनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. अशा लुटुपुटूच्या लढायांचे नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. जगात जितकी युद्धं झाली, त्यापेक्षा ती टेबलावर कशी खेळावीत याचे नियम जास्त आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"वाच," काका म्हणाले.

"यातले कोणते?"

"सारेच. त्यातूनच तं निवडाचे आहेत."

त्यानंतर तीन वर्षं ते निवडतच होते. त्या काळात टेबलावर एकही लढाई झाली नाही.

मी वाचायला लागले. जंगलात फौजेची चाल निम्मी होते, असं पहिल्या नियमावलीत होतं.

"कोनतं जंगल? सागाचं का बांबूचं?"

"तसं काही लिहिलं नाही."

"बांबूच्या बेटातून अर्धी चाल? लिवणारा कधी घुसला का बांबूत? रद्द."

दुसरीत धुक्याचा नियम होता. मे महिन्यात धुकं, रद्द. तिसरीत सगळं ठीक होतं, पण काकांनी पानं उलटवून विचारलं, "वाघाचा नियम कुठी आहे?" मी म्हटलं, हे नियम बहुतेक विलायतेत लिहिलेले आहेत. "मग तिथंच लढावं म्हना." शेवटी वाघाचा नियम त्यांनी स्वतः केला. फौज जंगलात शिरली की समोरच्याने फासा टाकायचा. एक पडला, तर वाघ रांगेतला शेवटचा माणूस नेतो. दुसरा नियम उन्हाचा. बारा ते चार दोन्ही फौजा सावलीत. तो त्यांनी शांताबाईंना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "कागदाच्या मान्सायले सावली, अन् मले?"

किल्ल्याची कथा वेगळीच. त्यांच्या खिडकीतून खऱ्या किल्ल्याचा तट, परकोट, दिसतो. त्यावर पिंपळ उगवला आहे आणि उन्हाळ्यात गोधड्या वाळत असतात. तरी काकांनी किल्ला इंटरनेटवरूनच छापून आणला. छापायला जे फुकट मिळाले ते सगळे किल्ले युरोपातले. बुरुजांना टोपीसारखी टोकदार छपरं आणि त्यांवर बर्फ. काकांनी टोप्या कात्रीने कापल्या. सपाट छतांवरचा बर्फ मात्र कापता येईना. मग त्यांनी त्यावर पेन्सिल घासून तो करडा केला आणि मला म्हणाले, "राख आहे. वीज केंद्राची." वेढा पडला त्या काळी वीज केंद्र कुठलं, असं मी विचारलं नाही. मी विचारत नाही, हीच माझी पात्रता असावी.

कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याने पहिल्यांदा तट छापला तो पानावर मावेल इतका लहान करून. शिपायाच्या गुडघ्यापर्यंत आलेला तट घेऊन काका परत गेले. तो बिचारा म्हणाला, "काका, हे कोनत्या योजनेचं आहे? दोन प्रती लागतीन का?"

पण सगळ्यात जास्त कागद लागला तो झोपड्यांना. किल्ल्याच्या मागे, टेबलाच्या कोपऱ्यात, बांबूच्या पलीकडे काकांनी एक गाव वसवलं होतं. झोपडी, विहीर, अंगण, अंगणात काड्यापेटीच्या कागदाची खाट. एक झोपडी तर फ्रिजवर होती, तेलाच्या बाटलीशेजारी. शांताबाई तिच्या आजूबाजूने फडकं फिरवत आणि तिला हात लावत नसत.

"काका, नियमांमध्ये घरांना काही काम नाही," मी एकदा धीर करून म्हटलं. "घर म्हणजे फक्त अडथळा, असं लिहिलंय."

"राहू दे."

"आणि ते फ्रिजवरचं?"

"थेही राहू दे."

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कोणतीही नियमावली असो, मी एका ओळीपर्यंत आले की काका खिडकीकडे बघायचे. ती ओळ सगळ्यांत असायची, शब्द तेवढे वेगळे. पडलेला शिपाई टेबलावरून उचलावा. मी ती वाचली की ते म्हणत, "दुसरे वाच."

यंदा मात्र शांताबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. रविवारी नागभीडहून त्यांच्या सासरची मंडळी जेवायला येणार होती.

"यश्या, मले टेबल पाह्यजे," त्या काकांना म्हणाल्या. "रविवारच्या आत लढ, नाई तं आवर. नाई तं मी हा किल्ला गॅसवर ठेवते."

"बाई, नियम ठरले नाईत अजून."

"इंग्रजायनं नियम पाहून घेतला होता का किल्ला?"

काका इतके उतरले की मला राहवलं नाही. मी सगळ्यात सोपी, एका पानाची नियमावली काढली. काकांनी वाघ आणि ऊन तिला जोडलं. पडलेल्या शिपायाची ओळ आली तेव्हा मी ती खालच्या आवाजात वाचली आणि त्यांनी या वेळी नुसती मान हलवली.

आता इंग्रज कोणी व्हायचं हा प्रश्न उरला. गल्लीत कोणी तयार होईना. एका गुरुजींनी किल्ला मिळत असेल तर येतो म्हणून सांगितलं. ज्यांची पोरं इंग्रजी शाळेत जातात त्यांनीही इंग्रज व्हायला साफ नकार दिला. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले भाषा तं येतेच."

शनिवारी दुपारी चारच्या पुढे, ऊन उतरल्यावर, म्हणजे नियमात बसेल अशा वेळी, लढाई सुरू झाली. पडदे ओढलेले, कूलर बंद, तिघांच्या डोक्यावर टॉवेल. शांताबाई जमिनीवर बसून मोठ्या अडकित्त्याने लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. माझी फौज बांबूतून पुढे सरकली. काकांनी फासा टाकला. एक पडला.

"वाघ," मी म्हटलं. माझा शेवटचा शिपाई बांबूपाशी आडवा झाला. मला वाटलं, तीन वर्षं जपलेला नियम लागू पडला म्हणून काका हसतील. ते हसले नाहीत.

पुढच्या डावात माझी तोफ लागली. तटाचा एक तुकडा पडला आणि त्यामागचा काकांचा एक शिपाई. मी त्याला उचलायला हात पुढे केला.

"थांब बेटा."

"नियमात आहे, काका. उचलायचं."

"उचलाचं आहे, थे मले समजते. कुठी ठेवाचं, थे नाई लिवलं."

त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली. तटावरचे दोन शिपाई खाली घेतले, पडलेल्याला त्यांच्या मधोमध ठेवलं आणि आपली चाल त्यांच्यावर खर्च केली. मागच्या दारातून बाहेर, बांबूच्या कडेने, गावाच्या दिशेने. टेपने मोजून, एक सूतही जास्त न घेता. पुढच्या चालीत तेच. तोपर्यंत माझ्या तोफेने आणखी एक पाडला आणि त्यालाही न्यायला दोघं निघाले.

"काका, तुमचा बुरूज रिकामा पडलाय."

"पाहून राह्यलो."

"मी आत येईन."

"ये ना. तुई चाल आहे."

पहिला शिपाई घरी पोचला. काकांनी त्याला अंगणातल्या खाटेवर निजवलं आणि झोपडीचं दार त्याच्याकडे करून ठेवलं. ज्या गावाला तीन वर्षं काही काम नव्हतं, ते भरू लागलं आणि किल्ला ओस पडू लागला. माझ्या हातात फासे होते आणि ते टाकायची मला लाज वाटत होती, पण न टाकलेलं काकांना चाललं नसतं.

"नोकरीभर हेच केलं मी," टेप गुंडाळत ते म्हणाले, जणू चहाबद्दल बोलत असावेत. "मानूस वाघानं नेला का त्याचं नाव लिवाचं, शिक्का माराचा, इकडच्या टेबलावरून तिकडच्या टेबलावर. बाया सांजेपर्यंत पायरीवर बसून राहत. एकीनं मले विचारलं, 'बाबू, माह्या मान्साले घरी कोन आनते?' मी म्हटलं, थे आमच्याकडे नाई."

शांताबाईंचा अडकित्ता थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला.

माझी फौज उघड्या दरवाजातून आत शिरली. अडवायला कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे किल्ला पडला होता आणि मी जिंकले होते. मी ते बोलले नाही. न बोलण्याची सवय आयुष्यात क्वचितच इतकी उपयोगी पडते.

काका टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी बांबूकडे बोट केलं.

"तुया एक राह्यला."

वाघाने नेलेला माझा शिपाई तिथेच आडवा होता. मी त्याला विसरले होते.

"हा तर इंग्रजांचा," मी म्हटलं.

"साहेबाच्या पगारावर आला म्हनून का घर नसन त्याले? पन त्याचं घर लय दूर आहे."

त्यांनी टेपचं एक टोक शिपायापाशी धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. टेबलाची कड ओलांडून, खुर्चीवरून, हवेतून मी ती ओढत नेली. ती फ्रिजपर्यंत पुरली.

मी शिपायाला उचललं. शांताबाई कैरीचे हात पदराला पुसत उठल्या आणि त्यांनी फ्रिजवरची तेलाची बाटली बाजूला सरकवली.

"नीट ठेव," त्या म्हणाल्या. "पाडशीन."

टाचा उंचावून मी त्याला झोपडीच्या दारात निजवलं. शांताबाई तशाच कूलरपर्यंत गेल्या. लढाई संपली होती, आता काही अडचण नव्हती. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, टेबलाकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि आत जाऊन टॉवेल पुन्हा ओला करून आणला.

रविवारी नागभीडची मंडळी आली. आमच्या खिडकीतून काकांचं घर दिसतं आणि ऐकूही येतं. पंगत जमिनीवर बसली होती आणि सगळे हातातल्या ताटल्यांनी वारा घेत होते.

"काऊन वो शांताबाई," एक पाहुणी म्हणाली, "कूलर बिघडला का?"

"चांगला आहे," शांताबाई वाढता वाढता म्हणाल्या. "पन आताच घरी आले सारे. झोपू दे."